तोफ नको, डोळा हवा

लग्नाच्या मांडवात नवरदेवाचा थाट घोड्यावरून, जेवणाचा थाट वाढप्यांच्या फेऱ्यांवरून आणि फोटोवाल्याचा थाट त्याच्या भिंगाच्या लांबीवरून ठरावा, असा एक नवा दंडक आमच्या गोंदिया जिल्ह्यात रूढ झाला आहे. भिंग हातभर लांब असेल तर फोटोवाल्याला आधी चहा, मग नाश्ता आणि सर्वांत पुढची खुर्ची. भिंग वीतभर असेल तर वधूचा मामा जवळ येतो, कॅमेऱ्याकडे अशा नजरेने पाहतो की जणू आपण आहेर म्हणून रिकामे पाकीट आणले आहे, आणि विचारतो, "काहो भाऊ, मोठा कॅमेरा नाही आनला का?"

हा प्रश्न मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. गोंदिया, आमगाव, तिरोडा, देवरी, सडक अर्जुनी, जिथे जिथे मांडव पडला तिथे तिथे तो मला भेटला आहे. मामांवर माझा राग नाही. मामा बिचारे मायेचे माणूस. भाचीचे लग्न झोकात व्हावे एवढीच त्यांची इच्छा. माझा राग आहे तो मामांच्या डोक्यात ही समजूत भरवणाऱ्या आम्हा धंदेवाल्या मंडळींवर, विकणाऱ्यांवर आणि जाहिराती लिहिणाऱ्यांवर. त्यांनी एक अंधश्रद्धा उभी केली आहे, आणि ऐन दिवाळीत, घरोघरी नवी खरेदी होत असताना, तिच्यावर दोन शब्द बोलणे मला भाग आहे.

अंधश्रद्धा अशी की, मोठे भिंग तेच खरे भिंग. लहान झूम म्हणजे गरिबाची सोय, कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळणारे खेळणे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत प्रकाशशास्त्राने जी काही खरी मर्दुमकी गाजवली असेल, ती या लहान झूमच्या पोटात गाजवली आहे. तिला हिणवणे म्हणजे मनगटी घड्याळाला 'हा काय घंटाघर नाही' म्हणून नाक मुरडणे होय.

आता झूम म्हणजे काय, हे आधी स्वच्छ समजून घेऊ. कारण ज्याला हे समजले त्याला पुढे कोणी फसवू शकत नाही.

साध्या भिंगाचे एक ठरलेले केंद्रांतर असते. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. केंद्रांतर कमी असेल तर सगळा मांडव चित्रात मावतो. जास्त असेल तर फक्त नवरीच्या नथीचा मोती दिसतो. पूर्वी प्रत्येक कामाला वेगळे भिंग लागे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनमधली कुस्ती चलच्चित्रात पकडली. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. या कोणाजवळ झूम नव्हते. जवळचे दृश्य हवे तर माणसाने पुढे जावे, दूरचे हवे तर मागे सरावे, एवढाच त्या काळचा कायदा.

एकाच नळकांड्यात केंद्रांतर बदलता यावे ही कल्पना मात्र जुनी. अमेरिकेत क्लाइल ॲलन नावाच्या गृहस्थाने १९०२ साली तिचे पेटंट घेतले. १९३२ साली इंग्लंडच्या टेलर-हॉब्सन कंपनीने चित्रपटासाठी कुक व्हॅरो हे ४० ते १२० मिलिमीटरचे भिंग काढले. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रँक बॅक यांचे झूमर भिंग दूरचित्रवाणीवर आले, आणि १९५९ साली त्यांनीच आखलेले ३६ ते ८२ मिलिमीटरचे व्होग्टलँडर झूमर हे साध्या फोटोच्या कॅमेऱ्यासाठीचे पहिले झूम म्हणून बाजारात उतरले.

या भिंगाच्या पोटात काय चालते? आमच्याकडची बैलबंडी डोळ्यांपुढे आणा. दोन बैल जुंपलेले आहेत. एक जोराने ओढतो, आणि बंडी वाकडी जाऊ नये म्हणून दुसरा सावरून घेतो. झूममध्येही काचांचे गट असतात. एक गट पुढेमागे सरकला की चित्र मोठे-लहान होते. पण त्याबरोबर ते अंधूकही होऊ लागते. म्हणून दुसरा गट वेगळ्याच चालीने सरकून ते पुन्हा स्पष्ट करतो. दोघांची चाल सारखी नसते. एकाची सरळ, तर दुसऱ्याची कधी पुढे, कधी मागे. नळीच्या आत कोरलेल्या वळणदार खाचांतून ही चाल साधली जाते. यात एखादा गट केसाच्या अंशाइतका चुकला की सगळे मुसळ केरात. ज्या काळी एका किरणाची वाट काढायला लॉगॅरिथमची कोष्टके घेऊन माणसे दिवसच्या दिवस आकडेमोड करीत, त्या काळी ही भिंगे आखणाऱ्यांना माझा साष्टांग दंडवत.

मग ही भिंगे एवढी अवजड का होती? याचे एक उत्तर आरशात आहे. फिल्मच्या जमान्यापासून डिजिटल आले तरी चांगल्या कॅमेऱ्याच्या पोटात एक तिरका आरसा असे. भिंगातून आलेले दृश्य तो वर डोळ्याकडे पाठवी आणि बटण दाबले की उचलला जाई. आता आरसा हलायचा म्हणजे त्याला जागा हवी. कॅननच्या जुन्या ईएफ पद्धतीत भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४४ मिलिमीटर अंतर, निकॉनच्या एफ पद्धतीत ४६.५. पण २४ मिलिमीटरच्या भिंगाला तर काचेपासून जवळच चित्र उमटवायचे असते! मग त्याला दुर्बिणीसारखे उलटे बांधायचे, पुढे पसरवणाऱ्या काचा, मागे गोळा करणाऱ्या काचा, आणि चित्र ओढूनताणून मागे नेऊन टाकायचे. फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी १९५० साली ही युक्ती 'रेट्रोफोकस' नावाने आणली. युक्ती झकास, पण तिची किंमत काचेत आणि वजनात मोजावी लागली. घरात एक हट्टी म्हातारबा मधल्या खोलीत खाट टाकून बसावा आणि सगळ्या घराने वळसा घालून जावे, तसा तो आरसा साठ-सत्तर वर्षे मध्ये बसून होता.

२००८ साली पॅनासोनिकने जी-१ हा कॅमेरा काढून म्हातारबांची खाट उचलली. आरसा गेला, चित्र थेट संवेदकावर पडू लागले आणि डोळ्यापुढे छोटा पडदा आला. २०१३ साली सोनीने पूर्ण आकाराच्या संवेदकात हेच केले, आणि २०१८ साली कॅनन व निकॉन यांनीही नवी बैठक मांडली. आता अंतर किती उरले पाहा. सोनी ई १८ मिलिमीटर, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६. मागची काच मोठी करून संवेदकाच्या अगदी जवळ नेता येऊ लागली, आणि पुढच्या काचांचा बोजा उतरला. साच्यात दाबून घडवलेल्या, गोलाकार नसलेल्या पृष्ठाच्या काचा आल्या. त्यांतली एक काच साध्या दोन-तीन काचांचे काम करते. सोनीचे २८ ते ६० मिलिमीटरचे २०२० सालचे झूम १६७ ग्रॅमचे आहे, म्हणजे दोन मध्यम बटाट्यांएवढे. आणि कोणी म्हणेल की हे तर कमी उजेडाचे, म्हणून लहान, तर दुसरे उदाहरण घ्या. त्याच कंपनीचे २४ ते ७० मिलिमीटर, एफ २.८ चे भिंग २०१६ साली ८८६ ग्रॅमचे होते. २०२२ साली तितक्याच उजेडाचे नवे भिंग ६९५ ग्रॅमवर आले. उजेड तोच, पल्ला तोच, वजन पाचव्या हिश्श्याहून अधिक कमी. ही मर्दुमकी नव्हे काय?

इथे एक आक्षेप ठरलेला आहे. आमच्यातले सोवळे छायाचित्रकार तो फार त्वेषाने घेतात. ते म्हणतात, "ही नवी लहान भिंगे लबाड आहेत. त्यांच्या कडा वाकड्या येतात, आणि कॅमेऱ्यातले गणितयंत्र त्या सरळ करते. हे प्रकाशशास्त्र नव्हे, ही रंगरंगोटी!"

त्यांचे म्हणणे वस्तुस्थिती म्हणून खरे आहे. कॅननचे २०१९ सालचे २४ ते २४० मिलिमीटरचे झूम घ्या. २४ वर त्याचे कच्चे चित्र पाहिले तर दारापुढच्या रांगोळीच्या सरळ रेषा पिंपासारख्या फुगलेल्या दिसतील आणि चारही कोपरे काळे. गणिताने ते चित्र ताणून चौकटीत बसवले जाते. पण यात पाप कोणते? पूर्वी अंधाऱ्या खोलीत उंच इमारतीच्या कललेल्या भिंती सरळ करायला कागदाची पाटी तिरकी धरणारे कोण होते? आमचेच गुरुजन! आणि तुमचा-माझा डोळा तरी कोणता सोवळा? त्यात चित्र उलटे पडते, मध्ये एक आंधळा ठिपका असतो, कडेचे सारे अंधूक असते. ते सगळे मेंदू सावरून घेतो म्हणून आपल्याला पणत्यांची रांग सलग दिसते. निसर्गाने जी वाटणी केली, थोडे काचेने करायचे आणि थोडे गणिताने, तीच वाटणी आज भिंग आखणारे करीत आहेत. रेषेचा वाकडेपणा गणित चांगले निस्तरते. धूसरपणा मात्र गणिताला खरेपणाने निस्तरता येत नाही. म्हणून काचेने धूसरपणावर जोर लावावा आणि वाकडेपणा गणितावर सोपवावा, हा शहाण्या गृहिणीचा संसार आहे. त्याला लबाडी म्हणणारा माणूस एक तर हट्टी आहे किंवा त्याला आपली जुनी भिंगे विकायची आहेत.

पण लबाडी कुठेच नाही असे मात्र मी म्हणणार नाही. लबाडी आहे, आणि ती भिंगात नसून खोक्यावर आहे. कोपरे ताणले की तिथला रेखीवपणा थोडा घटतो. हे खोक्यावर लिहीत नाहीत. 'एफ ४ ते ६.३' असे छापतात. पण नेमक्या कोणत्या केंद्रांतरावर उजेड खाली उतरतो, हे मोठ्या अक्षरांत सांगत नाहीत. खेड्यातला मुलगा कर्ज काढून भिंग घेतो आणि मंडईच्या रात्री त्याला कळते की, जवळचे दृश्य आणायला कडे फिरवले की उजेड निम्म्याहून कमी झाला!

मंडई म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवे; त्यांना मंडई म्हटले की वांगी आठवतात. आमच्या झाडीपट्टीत भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री दंडार नाही तर नाटक. धान घरात येण्याचे दिवस, लेकीबाळी माहेरी आलेल्या, आणि माणसे घोंगडी-चटई घेऊन रात्रभर बसलेली. हे नाटक चित्रित करायचे तर कॅमेरावाला उभा राहतो प्रेक्षकांच्या मागे. त्याला पुढे जाता येत नाही, कारण पुढे गेला तर प्रेक्षक त्याचे नाटक करतील. त्याचा सगळा भरवसा झूमवर. आणि इथेच निसर्गाचा एक कायदा आडवा येतो, ज्याला कोणतीही कंपनी लाच देऊ शकत नाही.

तो कायदा असा. केंद्रांतराला एफ आकड्याने भागा, म्हणजे भिंगाला उजेडासाठी किती रुंद तोंड हवे ते कळते. २०० मिलिमीटर आणि एफ २.८ म्हटले की साधारण ७१ मिलिमीटर तोंड हवेच हवे. ६०० आणि एफ ४ म्हटले की १५० मिलिमीटर, म्हणजे फराळाच्या ताटलीएवढी काच. म्हणूनच १९९९ सालचे कॅननचे ६०० मिलिमीटर, एफ ४ चे भिंग ५,३६० ग्रॅमचे होते. तेच ६०० एफ ६.३ वर मागाल तर तोंड ९५ मिलिमीटर पुरते. पण उजेड अडीचपट कमी. लांबी घडी घालता येते, वजन घटवता येते, वाकडेपणा गणिताने सावरता येतो. उजेड मात्र जेवढा आत आला तेवढाच. 'लहानही, लांब पल्ल्याचेही आणि अंधारात उजेडाचेही' असे भिंग कोणी देतो म्हणेल, तर त्याला हात जोडून रस्ता दाखवावा.

'आरसा गेला म्हणून सगळीच भिंगे लहान झाली' ही दुसरी थाप. लांब पल्ल्याच्या भिंगाला आरशाचा अडथळा फारसा नव्हताच. कॅननचे जुने ७० ते २०० मिलिमीटर, एफ २.८ चे भिंग १९९ मिलिमीटर लांब आणि १,४८० ग्रॅमचे होते. २०१९ चे नवे भिंग १४६ मिलिमीटर लांब आणि १,०७० ग्रॅमचे झाले. वा! पण लांबी घटली ती मुख्यतः का? कारण नवे भिंग पिशवीत आखडून बसते आणि झूम करताना आगगाडीच्या डब्यासारखे बाहेर येते. फोटो काढणाऱ्याला हे उत्तम. पण चलच्चित्र घेणाऱ्याला? आजकाल लग्नात आमची मुले गिंबल नावाच्या तोलदांडीवर कॅमेरा लावून वरातीबरोबर चालतात. भिंग बाहेर आले की तोल ढळला. म्हणून त्याच कंपनीने २०२४ साली बाहेर न येणारे, आतल्या आत झूम होणारे ७० ते २०० काढले. त्याचे वजन सुमारे १,१०० ग्रॅमच राहिले. आणि लांबी किती? पुन्हा १९९ मिलिमीटर!

यात विनोद आहे तसाच बोधही आहे. 'आटोपशीर' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक पिशवीतला आटोपशीरपणा आणि दुसरा हातातला. पिशवीत मावणारे भिंग हातात स्थिर राहीलच असे नाही. हातात स्थिर राहणारे पिशवीत मावेलच असे नाही. चलच्चित्रवाल्याचे आणखी दोन प्रश्न असतात. जवळ आणले तर चित्र स्पष्ट राहते की पुन्हा जुळवावे लागते? आणि नायकावरून खलनायकाकडे स्पष्टता नेताना चौकट श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होते काय? चांगल्या नव्या भिंगांत स्पष्टता जुळवणारी काच इतकी हलकी केली आहे की छोटी मोटर तिला आवाज न करता पळवते. पण या सगळ्या गुणांचे खोक्यावर एक अक्षर नसते, आणि मामा मात्र लांबी मोजत बसतात!

इतका वेळ लग्न आणि नाटक झाले. आता ज्यासाठी खरोखर लेखणी उचलली तिकडे वळतो.

आमच्या जिल्ह्यात एक पाहुणा नव्हे, घरचाच माणूस राहतो. त्याचे नाव सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. मान ताठ केली की जवळजवळ माणसाएवढा. महाराष्ट्रात तो उरला आहे तो गोंदिया, भंडारा आणि थोडाफार चंद्रपूर या बाजूला. आणि संख्या म्हणाल तर काही डझनांतली. परसवाड्याचा तलाव, झिलमिलीचा तलाव आणि त्यांच्या भोवतीची धानाची बांधी हे त्याचे घर. पावसाळ्यात, धान उभे असताना, पाण्यात गवताचा ढीग रचून तो घरटे करतो. अंडी बहुधा दोन. नरमादी आळीपाळीने बसतात. ज्या शेतकऱ्याच्या बांधीत घरटे होते त्याने त्या तुकड्याला हात न लावता कापणी केल्याची उदाहरणे आमच्याकडे आहेत, आणि असल्या शेतकऱ्याला मी कोणत्याही पदवीधर पक्षिमित्रापेक्षा मोठा मानतो.

या घरट्याभोवती आता हातात कॅमेरा घेतलेली माणसे येतात. त्यांत दोन जाती आहेत. पहिली मोबाइलवाल्यांची. हिशेब करू. सारस एक मीटर साठ सेंटिमीटर उंच धरा आणि तो शंभर मीटरवर उभा आहे. मोबाइलच्या मुख्य भिंगाचा पल्ला पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने साधारण २६ मिलिमीटर. त्यात हा पक्षी चौकटीच्या उंचीच्या सुमारे अठ्ठावन्नाव्या भागाएवढा येतो, म्हणजे ताटातला मोहरीचा दाणा. चित्रात तो चौकटीच्या चाळीस टक्के उंचीचा यावा असे वाटत असेल तर मोबाइलवाल्याला चार-सव्वाचार मीटरवर जावे लागेल. तो जातो! बांधीतून, चिखलातून, धान तुडवीत जातो. सारस उठतो, अंडी उघडी पडतात, आणि कावळा वाटच पाहत असतो.

दुसरी जात तोफवाल्यांची. पाच किलोचे भिंग, त्याला तिपाई, तिपाईला मदतनीस, आणि हे सारे बांधावर नेऊन मांडायचे. भिंगाचा पल्ला आहे, पण सरंजामच एवढा की पक्ष्याला लढाई सुरू झाली असे वाटावे. शिवाय एवढा खर्च झाल्यावर 'आणखी थोडे जवळ' हा मोह सुटत नाही.

आता लहान झूमचा हिशेब ऐका. त्याच शंभर मीटरवरून ६०० मिलिमीटरवर सारसाची प्रतिमा संवेदकावर ९.६ मिलिमीटर उंच उमटते. चौकट २४ मिलिमीटरची. म्हणजे बरोबर चाळीस टक्के. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात तोच पक्षी साठ टक्के चौकट व्यापतो. आणि हे ६०० आज कशात मिळते? सोनीचे २०० ते ६०० हे २,११५ ग्रॅमचे, निकॉनचे १८० ते ६०० हे १,९५५ ग्रॅमचे. दोन्ही आतल्या आत झूम होणारी. कॅननचे २०० ते ८०० हे २,०५० ग्रॅमचे. दोन किलो! आठवड्याच्या भाजीच्या पिशवीपेक्षा हलके. हे भिंग गळ्यात अडकवून माणूस डांबरी रस्त्यावर उभा राहतो, मोटरसायकलवरून उतरतही नाही, चित्र घेतो आणि निघतो. ना तिपाई, ना तंबू, ना चिखल. दिवसाच्या उजेडात एफ ६.३ पुरेसे आहे; सारस काही मंडईच्या रात्री नाटकात काम करीत नाही. दोन किलोही ज्याला जड, त्याने १,३७० ग्रॅमचे १०० ते ५०० घ्यावे आणि पक्षी चित्रात थोडा लहान दिसला तर दिसू द्यावा. त्याच्याभोवतीचे धान, पाणी, आभाळ हेही सारसाचेच चित्र आहे.

म्हणून मी म्हणतो की लहान झूम ही चैन नव्हे, ती अदब आहे. पल्ला लांब आणि ओझे कमी, म्हणजे पाय जागच्या जागी. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिले, तलावाकाठी हिंडले, आणि त्यांनी मराठी माणसाला या रानाची ओळख करून दिली ती तोफ घेऊन नव्हे. डोळे, कान आणि सबुरी एवढ्याच भांडवलावर. २०२५ साली ते गेले. त्यांच्यानंतर या तलावांवर येणाऱ्याने निदान एवढे तरी करावे, की पक्ष्याने मान वळवून आपल्याकडे पाहिले की तिथेच थांबावे. पाहिले म्हणजे आपण जवळ आलो. उठला म्हणजे आपण गुन्हा केला.

उलट बाजूनेही कोणी विचारील की, "लांब पल्ल्याचे हलके भिंग स्वस्त झाले तर आणखीच गर्दी होईल, तिचे काय?" प्रश्न रास्त आहे. पण गर्दी थांबवणे हे भिंगाचे काम नव्हे, ते गावाचे आणि वनखात्याचे काम आहे. घरट्याच्या दिवसांत बांधीत पाय टाकायचा नाही, जागेचा पत्ता जगजाहीर करायचा नाही, आणि ज्याच्या शेतात घरटे त्याच्या परवानगीशिवाय कॅमेरा काढायचा नाही, हे नियम ग्रामसभेत ठरवा. गर्दी येणारच असेल, तर ती चार मीटरवर यावी की शंभर मीटरवर थांबावी, एवढाच प्रश्न भिंगापुरता उरतो. आणि त्याचे उत्तर शेंबड्या पोरालाही सांगता येईल.

आता माझ्या मागण्या सांगतो आणि आवरते घेतो. भिंग बनवणाऱ्यांनी खोक्यावर तीन गोष्टी छापाव्यात: कोणत्या केंद्रांतरावर उजेड किती, गणिताने किती सावरले, आणि झूम करताना स्पष्टता टिकते की नाही. मिठाईवाल्याला डब्यावर तूप की वनस्पती हे लिहावे लागते, मग हजारोंच्या भिंगाला हा कायदा का नको? विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला आधी 'काम काय?' हे विचारावे, 'बजेट किती?' हे नंतर. आणि माझ्या धंद्यातल्या तरुण पोरांनी मामांना भिऊन कर्ज काढू नये. रात्रीच्या नाटकाला उजेडाचे भिंग लागते. ते चार जणांनी मिळून घ्या, नाही तर भाड्याने आणा. बाकी बाराही महिने, लग्नाला, बारशाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते दोन बटाट्यांएवढे झूम पुरते. उरलेल्या पैशांत बहिणीला साडी घ्या.

आणि वाचकहो, तुम्हीही यंदाच्या दिवाळीत मुलाला, जावयाला कॅमेरा घेणार असाल तर भिंगाची लांबी मोजू नका. ते घेऊन तो उभा कुठे राहणार आहे, तेवढे विचारा. फोटोवाल्याची लायकी त्याच्या भिंगाच्या टोकाला नसते. ती त्याच्या टाचांखाली असते. टाचांखाली डांबरी रस्ता असेल तर त्याला चहा द्या. टाचांखाली कोणाचे धान असेल, तर भिंग केवढेही असो, त्याला घरी पाठवा.